टिपणे

घुग्घुसला समुद्र नाही. आहे ती वर्धा नदी, दगडी कोळशाच्या खाणी आणि सिमेंटची धूळ. तरीही हिवाळ्यात आम्ही काही प्राध्यापक विद्यार्थ्यांसह कॅमेरा घेऊन नदीकाठाने फिरतो. टिटवी, बगळे, कधी खंड्या. अशाच एका फेरफटक्यानंतर एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले होते : ‘आज एक खंड्या टिपला.’ वाचून क्षणभर दचकायला झाले.

‘टिपणे’ हे क्रियापद मराठीत फार कष्टाळू आहे. पाखरू दाणा टिपते, कागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो, आणि अभ्यासक टिपण काढतो. (व्युत्पत्तिशास्त्रज्ञ यांची कुळे निरनिराळी सांगतील; कानाला मात्र ती सख्खी वाटतात.) कॅमेरा आला तेव्हा आपण त्याच्या हाती हाच शब्द दिला.

आरंभी त्यात शिकारीचा अर्थ शिरण्याचे कारणच नव्हते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी निगडित होते. त्या काळी काच रसायनाने ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि समोरचे दृश्य काही क्षण निश्चल असावे लागे. देवळे, डोंगर, खुर्चीत ताठ बसलेली माणसे हे सारे जमत होते. उडता बगळा त्या काचेवर उमटणे शक्यच नव्हते. निसर्गचित्र आधी आले, प्राणी फार नंतर आला, तो तंत्राच्या या मर्यादेमुळे.

कोरड्या काचा आल्या, उघडझाप जलद झाली, आणि मग कॅमेरा बंदुकीच्या वाटेने चालू लागला. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात जंगलवाटेवर तार बांधली. वाघाचा धक्का तिला लागला की लख्ख प्रकाश पडे आणि चित्र निघे. १९२७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सापळ्याची युक्ती तीच, फक्त वाघ जिवंत परत जात असे. आमच्या जिल्ह्यातील ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले ते १९५५ साली. आज तेथे बंदुकीऐवजी लांब नळीच्या कॅमेऱ्यांची रांग लागते. त्या रांगेतली अधीरता पाहिली की जुना अर्थ पुरता गेला आहे असे म्हणवत नाही.

समुद्रकाठी मात्र मला निराळा वारसा दिसतो. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारणारे सालिम अली १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. नोकरी नव्हती, वेळ होता. सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर ते महिनोन्‌महिने बसले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर ताबा घेते. मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. ही उकल एखाद्या नेमक्या क्षणाच्या चित्रातून हाती लागली नसती. ती टिपणांतून लागली. त्यांनी मराठीत लिहिले नाही म्हणून आपल्या निसर्गलेखनाच्या चर्चेत किहीम क्वचितच येते, ही मला उणीव वाटते.

त्याच कोकणपट्टीवर, मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम उभे केले. पुढे गावात कासव महोत्सव भरू लागला आणि कॅमेरेही आले. घरट्यातून बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्राकडे जातात. माणसाने पाडलेला उजेड त्यांची दिशा चुकवतो. म्हणजे चॅम्पियनच्या वाघाला जो प्रकाश केवळ दचकवून जात असे, तोच येथे जिवावर बेतू शकतो. फ्लॅश वापरू नका, ही सूचना म्हणूनच.

आमचे विद्यार्थी एकदा वेळासला गेले होते. मुलांनी सूचना पाळली आणि बहुतेक छायाचित्रे अंधुक आली. खंड्यावाल्या मुलाच्या एका चित्रात पिल्लू नाहीच. ओल्या वाळूवर पाण्यापर्यंत गेलेली दुहेरी पुसट रेघ तेवढी आहे. त्याखाली त्याने तारीख आणि वेळ लिहिली आहे, वाऱ्याची दिशाही. ‘टिपले’ हा शब्द मात्र कुठे नाही.