उचल, हिशोब आणि नोकरी सोडण्याचा हक्क

मंडळी, ट्रक ड्रायव्हरची नोकरी मिळणं तसं फार अवघड नसतं. लायसन्स आहे, हात बसलेला आहे, ओळखीच्या कुणी शब्द टाकला, की दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग हातात येतं. अवघड असतं ते निघणं. एक मालक सोडून दुसऱ्याकडे जायचा हक्क आपल्या कायद्याने कामगाराला कधी दिला आणि कितपत दिला, हे आज आपण पाहू.

सुरुवात ट्रक येण्याच्या आधीपासून करावी लागते. १८५९ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. तो सुरुवातीला कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांपुरता होता, पुढे इतरत्रही लागू झाला. कामगाराने आगाऊ पैसे म्हणजे उचल घेतली आणि काम सोडलं, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं. पैसे परत कर किंवा काम पुरं कर, असा हुकूम निघायचा. तो पाळला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे काय, तर मालक सोडणं हा गुन्हाच होता! हा कायदा १९२५ साली रद्द झाला.

तुरुंगाची भीती गेली, पण उचल राहिली. ड्रायव्हरचंच बघा. गाडीवर चढताना तो घरच्या लग्नासाठी, आजारपणासाठी उचल घेतो. पुढे पगारातून ती थोडी थोडी कापली जाते. प्रत्येक फेरीला डिझेल, टोल, जेवण यासाठी खर्ची मिळते आणि फेरी संपली की हिशोब होतो. मालात तूट आली, टायर फुटला, चलन आलं, की तेही कधीकधी त्याच्याच नावावर पडतं. वही मालकाकडे असते. शिवाय शेवटच्या महिन्याचा पगार अडकलेला असतो. अशा वेळी दुसरीकडे दोन पैसे जास्त मिळत असले तरी पाय निघत नाही. आपल्याकडे बहुतेक ट्रक लहान मालकांचे आहेत. नेमणूकपत्र, पगाराची पावती असले कागद तिथे क्वचितच दिसतात. मग भांडायचं झालं, तरी कशाच्या आधारावर?

आता पगाराच्या कायद्याकडे वळू. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात एक चांगली तरतूद होती: मालकाने कामावरून कमी केलं, तर दोन दिवसांत राहिलेला पगार द्यायचा. पण ही घाई काढून टाकलेल्या माणसासाठी होती. जो आपण होऊन सोडतो, त्याच्यासाठी दोन दिवसांची ही मुदत नव्हती. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, अशा मर्यादा आल्या. पगाराचा जुना कायदाही या कामगारांना लागू झाला. परंतु १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला होता. एक-दोन गाड्यांचा मालक बहुधा त्याच्या बाहेरच राहायचा.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. कर्जापायी माणसाला दुसरीकडे काम करायची मोकळीक राहत नसेल, तर तीही वेठबिगारीच, हे कायद्याने मान्य केलं. मात्र प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. उचल पायात बेडी होते का, एवढंच पाहायचं.

स्वतःहून सोडणाऱ्याचं काय, याचं उत्तर यायला २०१९ ची वेतन संहिता उजाडावी लागली. राजीनामा दिला तरी दोन दिवसांत पगार द्यायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. १९३६ पासून मोजलं, तर त्र्याऐंशी वर्षं झाली.

या सगळ्या प्रवासातून आम्हाला एवढंच सांगायचं आहे. सोडणं हा गुन्हा होता, तो हक्क झाला. पण हा हक्क वापरायला हातात कागद लागतो. उचल किती, फेड किती, पगार किती बाकी, हे लिहिलेली एक प्रत ड्रायव्हरच्या खिशात असली पाहिजे. ती नसेल, तर संहितेतले दोन दिवस कुठून मोजायचे आणि रक्कम किती मागायची, हे शेवटी मालकाची वहीच ठरवणार.