लाखाची गाडी आणि शून्य तारे

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटा यांनी नॅनो जगापुढे आणली. तिची जन्मकथा सर्वपरिचित आहे: भर पावसात एकाच स्कूटरवरून निघालेले चौघांचे कुटुंब, आणि त्यांना परवडेल असे छपराचे वाहन देता येईल का, हा प्रश्न. पुढे गाजावाजा झाला तो स्वस्ताईचा. मूळ हेतू सुरक्षिततेचा होता, हे मागे पडले.

एक लाखाचा शब्द पाळायचा, तर पैसा न् पैसा वाचवणे भाग होते. सर्वांत स्वस्त नॅनोला एकच वायपर, एकच बाहेरचा आरसा आणि चाकाला अवघे तीन नट होते. एअरबॅग नव्हत्याच.

जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. नॅनो, ऑल्टो ८००, आय१०, फिगो आणि पोलो या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. मथळ्यांत शून्य तेवढे झळकले; पण अहवालातील खरा मुद्दा निराळा होता. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा धडकेत टिकला. उणीव होती ती एअरबॅगची. दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोने चार तारे मिळवले. उरलेल्या तिघींचा सांगाडाच कोलमडला होता, त्यामुळे नुसत्या एअरबॅगने त्यांचे फारसे भले होणार नव्हते. एअरबॅग नंतरही बसवता येते; सांगाड्याची ताकद मात्र आराखड्याच्या टप्प्यावरच ठरते.

आमच्या गाड्या भारतीय कायद्यानुसारच आहेत, असे कंपन्यांचे उत्तर होते. ते खोटे नव्हते, कारण अशी चाचणी तेव्हा कायद्याने बंधनकारकच नव्हती. ती २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व गाड्यांना लागू झाली. नॅनोचे उत्पादन त्याआधीच थांबले होते. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्याच नेक्सॉनला पाच तारे मिळाले. अर्थात, तिची किंमत त्या स्कूटरवरल्या कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची होती.

२०२२ मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव आला, तेव्हा मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी नेमके याच कुटुंबाकडे बोट दाखवले: छोटी गाडी महागली, तर माणूस दुचाकीवरच राहील. या युक्तिवादामागे कंपनीचा स्वार्थ उघड आहे, तरीही तो झटकून टाकता येत नाही. त्या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि दुचाकीला तारे देणारी चाचणी भारतात नव्हती.