सामरी, व्हीसीडी आणि हरवलेला काळोख

भुताचा सिनेमा जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं? गाणी लोकांच्या तोंडात राहतात, संवादही राहतात. पण हॉररचा मुख्य माल म्हणजे काळोख. आणि गंमत अशी की थिएटरमधून घरच्या टीव्हीपर्यंत येताना सगळ्यात आधी मरतो तो काळोखच. या वीकेंडला त्याबद्दलच थोडं. उदाहरण घेतोय रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'चं (१९८४).

नाक मुरडू नका, मंडळी! पडकी हवेली, पूर्वजांचं पाप, वंशाला लागलेला शाप, तळघरात बंद करून ठेवलेलं काहीतरी... युरोपात याला 'गॉथिक' म्हणतात आणि त्यावर पीएचड्या होतात. आपल्याकडे हे करणाऱ्यांना 'बी ग्रेड' म्हणून मोकळे होतात. खरं तर हवेली आणि आत्म्याचा हा प्रकार आपल्याच लाईनवर वाढला. विरार लोकलने जाताना रोज मालाड लागतं ना, तिथल्या बॉम्बे टॉकीजने १९४९ मध्ये 'महल' काढला. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन आणि जोसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा कॅमेरा. त्यातल्या सावल्या थेट जर्मन सिनेमातून आल्यासारख्या वाटतात.

रामसेंची गोष्ट जास्त घरगुती. फतेहचंद रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर दुकान थाटलं. (हो, तोच लॅमिंग्टन रोड, जिथे आपण रॅम आणि ग्राफिक्स कार्ड घ्यायला जातो.) नंतर ते सिनेमात उतरले. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला जातात असा प्रसंग होता. सिनेमा पडला, पण पब्लिकला तेवढा प्रसंग आवडला. मुलांनी ते बरोबर हेरलं. सात भाऊ, सात कामं: कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन एडिटिंग, केशू निर्मितीत. पहिला भयपट 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला झाला. सगळं कुटुंब गाडीत घालून नेलं आणि सुमारे साडेतीन लाखांत सिनेमा उरकला, असं रामसे मंडळीच सांगायची. पुढे मुरूडच्या नवाबाचा राजवाडाही त्यांच्या सिनेमांत हवेली म्हणून दिसला.

'पुराना मंदिर'मध्ये राजा सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवतो. मुंडकं हवेलीत पेटीत बंद, धड मंदिरामागे पुरलेलं. मरताना सामरी शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. सामरी झालेले अजय अगरवाल (खरं नाव अनिरुद्ध) आपल्याच जातीचे, म्हणजे इंजिनिअर. रुडकीचे सिव्हिल!

आता मुद्द्यावर येतो. हा सिनेमा आमच्या पिढीने कसा पाहिला? मी शाळेत असताना, २००६-०७ च्या सुमारास, विरारमध्ये व्हीसीडी भाड्याने मिळायच्या. एका सिनेमाच्या दोन-तीन डिस्क, आणि ऐन क्लायमॅक्सला चित्र अडकणार हे ठरलेलं. पण ओरखडे ही किरकोळ गोष्ट. खरा घोटाळा फॉरमॅटमध्येच होता.

व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचं, म्हणजे एकूण लाखभर पिक्सेल. ब्लू-रेला साधारण वीस लाख सत्तर हजार असतात. त्यात व्हिडिओला सेकंदाला फक्त ११५० किलोबिट. एवढ्यात भागवायचं म्हणजे एमपेग चित्राचे छोटे चौकोन पाडतं आणि डोळ्याला फारसं कळणार नाही असं वाटतं ते फेकून देतं. मग काय फेकलं जातं? एकसारख्या भागांतले बारीक फरक. कोपऱ्यातला गडद काळा आणि त्याहून किंचित कमी काळा यांतला फरक. पण सामरी उभा असतो तो नेमका त्या फरकात! धुक्याचे तर आणखी हाल. पुढच्या फ्रेममध्ये काय असेल याचा अंदाज बांधून कोडेक बिट वाचवतो, आणि धुक्याला ना कडा असतात ना ते स्थिर राहतं. अंदाज चुकतो, धुक्याच्या विटा होतात. रंगाची माहिती तर त्याहून कमी ठेवलेली असते, अवघी १७६ गुणिले १४४. रामसेंचा लाल-निळा प्रकाश त्यात फिसकटून जातो.

म्हणजे आपण ज्याला 'घाणेरडी फोटोग्राफी' म्हणून हसलो, त्यातली बरीचशी घाण गंगू रामसेंची नव्हतीच. ती कॉम्प्रेशनची होती.

मग हा सिनेमा नीट कोणी काढला? ब्रिटिशांनी. पीट टूम्ब्स या माणसाने जगभरातल्या विचित्र सिनेमांवर १९९७ मध्ये 'मॉन्डो मकाब्रो' नावाचं पुस्तक लिहिलं आणि पुढे त्याच नावाने डीव्हीडी काढायला सुरुवात केली. २००३ मध्ये त्यांनी 'जिंदा लाश' (१९६७) हा लाहोरचा ड्रॅक्युला आणला. २००६ मध्ये 'बंद दरवाजा' आणि 'पुराना मंदिर' जोडीने आले, इंग्रजी सबटायटल्ससकट. आणि २०२३ मध्ये रामसेंच्या सहा सिनेमांचा ब्लू-रे संच. आपण टाकून दिलेलं सामान कोणीतरी उचलून नीट पुसून ठेवावं, तसं झालं.

पुसणं हे काम मात्र वाटतं तितकं सरळ नाही. सव्वादोन तासांचा सिनेमा धरला तरी सेकंदाला २४ च्या हिशेबाने जवळपास दोन लाख फ्रेम होतात. त्या काळच्या रंगीत फिल्मला दोन रोग. एक, रंग उडतात. निळसर छटा आधी जाते आणि सगळं गुलाबी पडतं. दोन, फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया कुजतो आणि डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. मुंबईसारखी दमट हवा दोन्हींना पोषक. निगेटिव्ह सापडली, धुतली, फाटलेली छिद्रं सांधली, एकेक फ्रेम स्कॅन केली, की पुढे सॉफ्टवेअर येतं. ते शेजारच्या फ्रेम ताडून पाहतं आणि एकाच फ्रेममध्ये दिसणारी गोष्ट धूळ समजून काढून टाकतं. आता हवेलीवर वीज चमकते किंवा मशालीची ठिणगी उडते तीही एखाद-दुसऱ्या फ्रेमपुरतीच! माणूस बसला नाही तर सॉफ्टवेअर धुळीबरोबर वीजही साफ करणार.

सगळ्यात अवघड शेवटी येतं: किती काळं ठेवायचं? जुन्या सिनेमांत रात्रीचे प्रसंग बरेचदा दिवसा शूट करून नंतर गडद केलेले असत. स्कॅन करणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो 'डिटेल' दिसावं म्हणून चित्र उजळतो, आणि मध्यरात्रीच्या स्मशानात भर दुपार होते. निगेटिव्हमध्ये सगळं असतं, पण त्यातलं किती दाखवायचं होतं हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

रामसेंनी ज्यांच्याकडून धडे घेतले त्या इंग्लंडच्या हॅमर कंपनीचाही हाच अनुभव. त्यांचा 'ड्रॅक्युला' १९५८ चा. तिथल्या सेन्सॉरने कापलेले तुकडे अनेक वर्षं मिळत नव्हते. २०११ मध्ये ते टोकियोच्या नॅशनल फिल्म सेंटरमध्ये मिळाले. १९८४ च्या आगीत त्या प्रिंटची सुरुवातीची रिळं गेली होती, शेवटची वाचली होती, आणि ड्रॅक्युला उन्हात विरघळतो तो प्रसंग नेमका शेवटच्या रिळांत. २०१३ मध्ये ब्लू-रे आली. चाहते खूश झाले आणि लगेच भांडूही लागले की चित्राला निळसर झाक का आली? रंग असे नव्हतेच! म्हणजे जिथे पैसा, संस्था, चाहते सगळं आहे, तिथेही 'मूळ कसं होतं' यावर एकमत नाही.

आपल्याकडे हे सांगू शकणारी माणसं होती. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, आणि ज्यांनी हा काळोख कॅमेऱ्यात पकडला ते गंगू रामसे एप्रिल २०२४ मध्ये. फिल्म थंड खोलीत ठेवली तर टिकते. पण 'इथे फक्त डोळे दिसायला हवेत, चेहरा नको' हे वाक्य कुठल्याच डब्यात राहत नाही. ते माणसाला समोर बसवून विचारूनच घ्यावं लागतं.

आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. पुण्यात १९६४ पासून फिल्म आर्काइव्ह आहे. २०२२ मध्ये सरकारने सुमारे २२०० सिनेमांच्या रिस्टोरेशनसाठी ३६३ कोटींची घोषणा केली. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन' सुधारून २०२४ मध्ये कानला दाखवला, आणि २०२५ मध्ये 'शोले' मूळ शेवटासह इटलीत बोलोन्याला. आनंदच आहे. पण 'पुराना मंदिर'मध्ये जगदीपने गब्बरची नक्कल केलीय, आणि तोच जगदीप 'शोले'तला सूरमा भोपाली. एकाच नटाची ही दोन कामं. एक इटलीच्या पडद्यावर पोचलं, आणि दुसरं नीट पाहायचं तर परदेशी डिस्क मागवायची. कुठला सिनेमा 'वारसा' आणि कुठला 'रद्दी', हे आपण बहुतेक वेळा तो पाहताना आपल्याला लाज वाटते की नाही यावरून ठरवतो.

मला विचाराल तर हा निकष चुकीचा आहे. 'पुराना मंदिर' महान सिनेमा आहे असं मी म्हणणार नाही, त्यातले विनोद सहन होत नाहीत. पण ऐंशीच्या दशकात आपले आईवडील कशाला घाबरत होते हे त्यात आहे, आणि ते दुसरीकडे कुठे इतकं सरळ मिळत नाही. रामसेंबरोबर काम केलेले लाईटवाले, मेकअपवाले, लॅबमधले रंग जुळवणारे यांतले काही जण अजून या शहरात असतील, कदाचित आपल्याच लोकलने ये-जा करत असतील. स्कॅनर पुढच्या वर्षी आणखी चांगला येईल. या लोकांना 'काळोख किती होता हो?' हे मात्र आत्ताच विचारायला हवं.