साच्याचे मोल आणि हाताचे मोल

घरात नवी वस्तू आली की तिच्या आतले यंत्र क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडते. दिसते ते तिचे आवरण. रेडिओचा डबा, दूरध्वनीची पेटी, विजेच्या मीटरवरचे झाकण ही आवरणे इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती कोणी तरी घडविली असतील आणि त्या घडणीमागे काही हिशेब असेल, हा विचारही सहसा मनात येत नाही. परंतु एखाद्या लहान उद्योजकाने स्वतः जुळविलेल्या उपकरणासाठी मोजक्या दहा-वीस डब्या करून घ्यावयाचे ठरविले, म्हणजे हा हिशेब एकाएकी समोर उभा राहतो. आतल्या यंत्रापेक्षा बाहेरची डबी महाग, असा विचित्र अनुभव त्याला येतो. असे का व्हावे, हे नीट समजून घ्यावयाचे तर दोन प्रकारची कारागिरी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. एक आजच्या प्लॅस्टिकची आणि दुसरी उदगीर-निलंग्याच्या पलीकडे बीदर शहरात कित्येक शतके चालत आलेली.

रेडिओ प्रथम घरात आला तो लाकडी पेटीतून. ती पेटी सुताराने करावी, घासावी, तिला रोगण द्यावे, असाच रिवाज होता. १९०७ साली लिओ बेकलँड या मूळच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत बेकेलाइटचा शोध लावला आणि पुढे सुताराचे हे काम हळूहळू साच्याकडे गेले. ब्रिटनमधील एको कंपनीचा वाटोळ्या आकाराचा बेकेलाइटचा रेडिओ १९३४ साली बाजारात आला. त्याचा आराखडा वेल्स कोट्स या वास्तुशिल्पज्ञाचा होता. बेकेलाइटनंतर इतर प्लॅस्टिके आली आणि वितळलेले प्लॅस्टिक दाबाने पोलादी साच्यात भरण्याची रीत सर्वत्र रूढ झाली.

या रीतीचे सारे अर्थशास्त्र साच्यात आहे. पोलादाचे दोन ठोकळे अत्यंत काटेकोरपणे कोरावयाचे, ते घट्ट मिटले पाहिजेत, निवालेला डबा न चिकटता बाहेर आला पाहिजे, या सर्व गोष्टींना कुशल हात, महाग यंत्रे आणि पुष्कळ वेळ लागतो. मात्र साचा एकदा तयार झाला म्हणजे एकेक डबा काही क्षणांत निघतो. समजा, साच्याला दोन लाख रुपये पडले आणि प्रत्येक डब्याचे प्लॅस्टिक व यंत्राचे भाडे मिळून वीस रुपये झाले. दहाच डबे काढले तर एकेक डबा २०,०२० रुपयांना पडेल. हजार काढले तर २२० रुपयांना. आणि एक लाख काढले तर अवघ्या २२ रुपयांना. डबा तोच, प्लॅस्टिक तेच. बदलते ती साच्याचा भार वाटून घेणाऱ्यांची संख्या. म्हणूनच मोजक्या मागणीचा माणूस पोलादी साच्याच्या वाटेला जात नाही. तो बाजारातला तयार डबा आणून त्याला भोके पाडतो, किंवा सिलिकोन रबराच्या साच्यात थोडे नग ओतून घेतो, किंवा थरावर थर रचणाऱ्या मुद्रणयंत्रावर डबा काढून घेतो. साच्याचा खर्च त्यात टळतो. पण प्रत्येक नगाचा खर्च वाढतो.

आता बीदरकडे वळू. १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना झाली आणि गुलबर्गा, म्हणजे २०१४ पासून कलबुर्गी म्हणून ओळखले जाणारे नगर, त्याची राजधानी झाले. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने राजधानी बीदरला हलविली. इराणातून विद्वान, सरदार, कारागीर येत गेले. महमूद गावानने १४७२ मध्ये पुरा केलेला मदरसा त्या संबंधांची साक्ष देत आजही उभा आहे. अब्दुल्ला बिन कैसर नावाच्या इराणी कारागिराने बिदरी काम येथे आणले, असे परंपरा सांगते. संग्रहालयांत आज दिसणारे जुने नमुने मात्र बहुतांशी सतराव्या शतकापासूनचे आहेत. हुक्क्याची बैठक, पानदान, सुराही, अत्तरदान, पीकदाणी हे त्यांतील नेहमीचे प्रकार. बारकाईने पाहिले तर यांतील बहुतेक वस्तू काही तरी आत सांभाळणारी आवरणेच आहेत, आणि तीही मागणीबरहुकूम केलेली.

बिदरी वस्तूचे अंग जस्ताचे असते. सुमारे सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. तिचा साचा मातीचा. एरंडेल तेल आणि राळ घालून मळलेली बारीक माती दाबून बसवावयाची, तीत धातू ओतावयाचा आणि वस्तू निघाली की माती पुन्हा मोकळी करावयाची. निघालेली वस्तू कानशीने घासून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात, म्हणजे तीवर रेघ उठून दिसते. मग कारागीर टाचणीसारख्या अणकुचीदार हत्याराने, कागद वा छाप न घेता, वेलबुट्टी आखतो. छिन्नीने ती खोदतो आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितो. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. शेवटी वस्तू तापवून तिला बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप देतात. अंग कायमचे काळे होते, चांदी शुभ्र राहते. ती माती जुन्या, ऊनपाऊस न लागलेल्या जागेची हवी, आणि जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. जस्तात थोडे तांबे असल्यावाचून हा काळा रंग धरत नाही, हे आधुनिक परीक्षणानेही दाखवून दिले आहे.

आता दोन्ही हिशेब समोरासमोर मांडले असता फरक स्पष्ट होतो. बीदरच्या साच्याचे मोल जवळजवळ नाही. तो दरवेळी मोडतो आणि दरवेळी नव्याने होतो. म्हणून एक पानदान करविणारा आणि शंभर करविणारा यांना एकेक नग सारख्याच किमतीला पडतो. पहिल्या नगाला जेवढी चांदी आणि जेवढे दिवस लागले, तेवढेच शंभराव्यालाही लागणार. आकार बदलावयाचा झाल्यास पोलाद कोरावे लागत नाही. माती वेगळी दाबली की झाले. मोजक्या आणि आगळ्या मागणीला ही रीत फार अनुकूल. विपुल मागणीला मात्र ती कधीच स्वस्त होत नाही. विशेष म्हणजे जस्त हा धातू आजच्या कारखान्यांतही आवरणांसाठी वापरला जातो. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम मिसळून ते पोलादी साच्यात दाबाने भरतात आणि कुलपे, नळ, उपकरणांच्या पेट्या हजारोंनी काढतात. धातू जवळपास तोच. पण एकीकडे मोल साच्यात साठले आहे, दुसरीकडे हातात.

मागणी बदलली तशी बीदरची वस्तूही बदलत गेली. हुक्का मागे पडला, तेव्हा सिगारेटच्या डब्या, फुलदाण्या आणि कफांच्या गुंड्या आल्या. अलीकडे पेन ड्राइव्हची आवरणेही या कामात झाली आहेत. तरी प्रत्येक उपकरणाला हे आवरण चालेल असे नाही. छिन्नीची खाच पेलण्यास धातूला जाडी लागते, त्यामुळे वस्तू जड होते. शिवाय धातूच्या बंद पेटीतून रेडिओलहरी जात नाहीत. बिनतारी उपकरण अशा पेटीत पुरते कोंडले तर ते मुके होईल. तेथे प्लॅस्टिकच योग्य.

या कलेला मान मिळाला नाही असे नाही. बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन लाभले, आणि २०२३ साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. परंतु मानाने रोजचा हिशेब सुटत नाही. चांदी आधी विकत घ्यावी लागते आणि तिचा भाव चढला की कारागिराचे भांडवल अडकते. ज्याच्यापाशी चांदीला पैसा नाही, त्याला दुसऱ्याच्या चांदीवर नगाच्या मजुरीने बसावे लागते. गिऱ्हाईक तर किमतीची तुलना साच्यातून निघालेल्या वस्तूशी करते. भाव खाली आणावयाचा तर चांदी कमी करता येते. पण त्याला मर्यादा आहे. त्यापुढे कापली जाते ती मजुरी. मुलगा वडिलांच्या शेजारी छिन्नी घेऊन बसेल की नाही, हे या शेवटच्या आकड्यावर ठरते.

पोलादी साचा जपून ठेवला तर वर्षांनंतरही त्यातून तोच डबा निघू शकतो. बीदरचा मातीचा साचा त्याच दिवशी मोडतो. त्या कारागिरीचा खरा साचा हात हाच आहे. तो तयार होण्यास वर्षे लागतात आणि तो कपाटात ठेवता येत नाही. पोलादी साच्याचा खर्च प्रत्येक डब्याच्या किमतीत न चुकता धरला जातो. हात घडविण्यात गेलेल्या वर्षांचा खर्च बिदरी डबीच्या किमतीत धरला जातो काय, हा प्रश्न ती विकत घेणाऱ्याने स्वतःला विचारावयास हवा.