धडक बसली म्हणून?

पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला का, असं आकाशदर्शनाच्या रात्री कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा गोळा येऊन आदळला, त्यातून चंद्र झाला आणि पृथ्वी तिरपी झाली. युरेनस आडवा का? धडक. शनी? तीच. उत्तर सुटसुटीत आहे, पोरांना पटतं, आणि मीही ते बरीच वर्षं देत आलो. आता देत नाही.

धडका झाल्याच नाहीत, असं माझं म्हणणं नाही. चंद्राच्या जन्माची ही उपपत्ती हार्टमन आणि डेव्हिस यांनी १९७५ साली मांडली, आणि आजही तिच्या तोडीची दुसरी नाही. ग्रह घडत होते तेव्हा आदळआपट चालूच होती. त्यात अक्ष इकडेतिकडे झाले असणारच. हरकत आहे ती पुढच्या उडीला. तेव्हा मिळालेला कलच आज दिसतो, कल म्हणजे त्या अपघाताचा व्रण, असं जे गृहीत धरलं जातं त्याला.

कल हा एकट्या अक्षाचा गुण नाही. ग्रहाचा अक्ष आणि त्याच्या कक्षेचं प्रतल, या दोहोंमधला तो कोन, आणि दोन्ही हलतात. अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. पृथ्वीचा असा एक डोल जवळजवळ २६,००० वर्षांचा; आपल्याकडे पंचांगवाल्यांत सायन-निरयन वाद पेटला तो याच अयनगतीवरून. कक्षेचं प्रतलही इतर ग्रहांच्या ओढीनं झुलत असतं. दोन्ही बाजू अशा हलत्या असताना मधला कोन जागच्या जागी राहील कसा?

राहत नाहीच. पृथ्वीचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या फेरीत २२.१ ते २४.५ अंशांमध्ये वरखाली होतो, आणि सध्या उतरतो आहे. भोपाळहून सांचीला जाताना वाटेत कर्कवृत्ताची खूण लागते. लोक गाडी थांबवतात, एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून फोटो काढतात. खूण तिथंच आहे. खरं कर्कवृत्त मात्र दरसाल चौदा-पंधरा मीटर भोपाळच्या दिशेनं सरकतं आहे. (सूर्यसिद्धांतात परमक्रांती, म्हणजे हाच कल, २४ अंश दिली आहे. तो आकडा माझ्या बाजूनं पुढे करायचा मोह होतो, पण आवरावा. दीड हजार वर्षांपूर्वी खरा कल २३.६ च्या आसपास होता. उरलेला फरक आकाशाचा नव्हे, हिशेबाचा.)

‘दोन-अडीच अंशांची तर गोष्ट,’ पूर्वपक्ष म्हणेल. मग मंगळ घ्या. त्याचा कल २५.२ अंश, आणि पृथ्वीशी असलेल्या या साम्याचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. ते आजपुरतं साम्य आहे. १९९३ साली फ्रान्समध्ये लास्कर आणि रोब्युटेल यांनी, आणि अमेरिकेत तूमा आणि विज्डम यांनी दाखवून दिलं की मंगळाचा कल बेभरवशाचा आहे. लास्कर-रोब्युटेल यांच्या हिशेबात तो शून्यापासून ६० अंशांपर्यंत कुठेही जाऊ शकतो. पन्नास लाख वर्षांपूर्वीच त्याची सरासरी ३५ च्या घरात होती. हे नुसतं गणित नाही. मंगळाच्या विषुववृत्ताजवळ आर्सिया मॉन्स नावाचा प्रचंड ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर हिमनदीनं मागं टाकलेल्या दगडमातीचे पट्टे दिसतात. ध्रुवावरचं बर्फ विषुववृत्तापाशी येऊन साचायचं तर कल ४५ अंशांच्या आसपास हवा. अलीकडे मंगळाला एवढं वाकवणारी धडक बसल्याची खूण मात्र कुठेही नाही.

शनीपाशी तर धडकेचं उत्तर आणखीच अवघडतं. ९५ पृथ्व्यांचं वजन, साडेदहा तासांत एक गिरकी. हा भोवरा २६.७ अंश कलंडवायला आदळणाराही पृथ्वीच्या कित्येक पट भारी लागेल. शिवाय वायू ओढून वाढलेला ग्रह गुरूसारखा जवळपास ताठ हवा. गुरूचा कल ३.१ अंश. २००४ मध्ये वॉर्ड आणि हॅमिल्टन यांनी एका मेळाकडे बोट दाखवलं. शनीच्या अक्षाचा डोल आणि नेपच्यूनच्या कक्षेचा झोका, दोहोंना लागणारा वेळ जवळपास सारखाच, अठरा-एकोणीस लाख वर्षं. झोपाळ्यावर भारदस्त आजोबा बसलेले असले तरी चार वर्षांची नात त्यांना उंच झोका देते. जोर नसतो, पण नेमक्या वेळी बोट लावायचं तिला कळतं. नेपच्यूनचं बोट असंच लागत राहिलं. हा मेळ जुळला कधी, यावर वाद आहे. टायटन दरवर्षी सुमारे ११ सेंटीमीटर शनीपासून दूर जातो आणि त्यामुळे शनीच्या डोलाची गती बदलते. त्यावरून सायनफेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असं मांडलं की हा कल गेल्या अब्जभर वर्षांतलाच असावा. पुढच्याच वर्षी विज्डम आणि मंडळींनी एका नष्ट झालेल्या उपग्रहाची कल्पना पुढे केली: तो गेला, त्याच्या तुकड्यांची कडी झाली आणि शनी या मेळातून नुकताच निसटला. भांडण जोरात आहे, पण दोन्हीकडे कल धडकेशिवायच येतो.

शुक्राला पार उलटा, १७७ अंशांवर नेण्यासाठीही धडक लागत नाही. त्याच्या दाट हवेत सूर्याच्या उष्णतेनं येणाऱ्या भरत्या त्याला उलटं फिरवू शकतात, हे कोरेया आणि लास्कर यांनी २००१ मध्ये दाखवलं.

युरेनस मी समोरच्या पक्षाला देतो, पण फुकट नाही. ९७.८ अंशांवर आडव्या पडलेल्या या ग्रहाचे मुख्य उपग्रह त्याच्याच विषुववृत्ताच्या पातळीत आणि त्याच्याच दिशेनं फिरतात. एकाच दणक्यात तो लोळला असता तर ते उलटे फिरायला हवे होते, असं मॉर्बिडेली आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या हिशेबातून निघतं. म्हणजे किमान दोन धडका मानाव्या लागतात. धडकेशिवायचा पर्याय म्हणून मोठ्या उपग्रहाला दूर सरकवत युरेनसला आडवं पाडता येतं, पण पुढे तो उपग्रह गायब करावा लागतो. मला ते ठिगळ वाटतं.

राहिली पृथ्वी. इथं पूर्वपक्षाचा साक्षीदारच फिरतो. त्या धडकेतून जन्मलेला चंद्र पृथ्वीच्या अक्षाचा डोल वेगवान ठेवतो, आणि म्हणून तो इतर ग्रहांच्या संथ झोक्यांशी जुळत नाही. लास्कर यांच्या १९९३ च्या गणितात चंद्र काढून टाकला तर पृथ्वीचा कल शून्य ते ८५ अंशांत भटकू शकत होता. पुढच्या हिशेबांनी ही भटकंती बरीच सौम्य ठरवली, तरी चंद्राचा लगाम कुणी नाकारलेला नाही. हाच चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब जातो आहे. तो जातो तसा पृथ्वीचा डोल मंदावतो. अब्जावधी वर्षांनी त्याची लय इतर ग्रहांशी जुळू लागली की अक्ष पुन्हा मोकळा: २३ काय आणि ६० काय, कुणीही येऊन न आदळता.