धाराशिवच्या कागदांवरचे आश्रित

घरात कोण कोणाच्या जिवावर जगतो, हा प्रश्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात येतो तेव्हा तो पगारदार माणसाचा वाटतो. शेतीचे उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानात १८८६ पासून प्राप्तिकराबाहेर होते आणि स्वतंत्र भारतातही ते केंद्राच्या प्राप्तिकरातून वगळलेले आहे. त्यामुळे भूम-परंड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते विवरणपत्र भरण्याची वेळ सहसा येत नाही. पण तोच प्रश्न त्याला इतर कागदांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे. जमिनीच्या कमाल धारणेच्या म्हणजे सिलिंगच्या विवरणपत्राने विचारला, भूकंपग्रस्तांच्या यादीने विचारला, रेशनकार्डाने आणि पीएम किसानच्या अर्जानेही विचारला. गेल्या सत्तर वर्षांतले हे कागद एकापुढे एक ठेवले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सरकारने कुटुंबाची मोजणी बहुतेक वेळा खातेदारापासून सुरू केली, ज्याला पोसायचे आहे त्याच्यापासून नाही. आणि म्हणून ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, तीच माणसे या मोजणीतून निसटत राहिली.

सुरुवात हैदराबाद राज्यापासून करावी लागते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली, पुढच्या वर्षी जहागिरी खालसा झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. १९५४ च्या दुरुस्तीने त्यात कुटुंबधारणेची कल्पना आणली. पाच माणसांचे कुटुंब स्वतः कसून, निम्मे उत्पन्न लागवडीच्या खर्चापोटी वजा जाता, वर्षाला ८०० रुपयांचे पीक काढू शकेल एवढी जमीन म्हणजे एक कुटुंबधारणा. तिच्या साडेचार पट ही जमीनधारणेची कमाल मर्यादा. या व्याख्येचे मोल आजही मानले पाहिजे, कारण तिने जमीन आधी खाणाऱ्या तोंडांशी जोडली आणि मग एकरांचा हिशेब केला. मात्र ही पाच माणसे कोणती, हे गृहीतच धरले होते. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या वाड्यांत आणि वस्त्यांवर त्या काळी एका चुलीवर जेवणाऱ्यांत विधवा भावजय असे, माहेरी परतलेली बहीण असे, निपुत्रिक चुलता असे. कायद्याच्या सरासरीत त्यांना वेगळे नाव नव्हते.

१९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६१ च्या महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायद्याने कुटुंबाची व्याख्या बरीच सैल ठेवली होती. हिंदू अविभक्त कुटुंब तिच्यात होतेच. इतरांच्या बाबतीत रूढीने ज्यांची मालमत्ता, कब्जा किंवा राहणे एकत्र आहे असा गटही कुटुंब मानला जाई. २ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झालेल्या सुधारणेने हे चित्र पालटले. आता ‘कुटुंब घटक’ म्हणजे खातेदार, त्याची पत्नी किंवा तिचा पती, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली. कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आणि बारमाही पाण्याच्या जमिनीची १८ एकर झाली. घटकात पाचांहून जास्त माणसे असतील तर प्रत्येक जादा माणसामागे मर्यादेचा पाचवा हिस्सा अधिक मिळे, पण एकूण धारणा दुपटीच्या पुढे जायची नाही.

या व्याख्येत दोन भावंडे शेजारी उभी करून पाहावीत. थोरला मुलगा अठरा वर्षांचा झाला की तो वडिलांच्या घटकातून बाहेर पडतो. पण वडिलोपार्जित जमिनीत त्याचा जन्मसिद्ध वाटा असल्याने तो वाटा त्याचा म्हणून वेगळा धरता येतो. त्याची बहीण अठराची झाली, लग्न व्हायचे आहे, खुरपणीपासून राशीपर्यंत शेतातच राबते आहे. तीही घटकातून बाहेर पडते, म्हणजे तिच्यामुळे घराला जादा जमीन मिळत नाही. आणि वाटाही मिळत नाही, कारण महाराष्ट्रात मुलीला सहदायकाचा हक्क मिळायला १९९४ साल उजाडावे लागले. ती वडिलांची आश्रित नव्हती आणि सहदायकही नव्हती. घरात मात्र ती होती, जेवत होती, राबत होती. कागदावरचे कुटुंब आणि खरे कुटुंब यांतले अंतर मोजायला याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

यावर रास्त आक्षेप आहे. व्याख्या उगीच आवळली नव्हती. सैल व्याख्येचा फायदा घेऊन बड्या जमीनदारांनी कागदोपत्री वाटण्या केल्या, नात्यागोत्यातल्या माणसांच्या नावे गट चढवले. म्हणूनच २६ सप्टेंबर १९७० नंतरच्या वाटण्या आणि हस्तांतरे कायदा चुकवण्यासाठीच झाली असे कायद्याने गृहीत धरले. ‘कुटुंब घटक’ हे कृत्रिम कुटुंब आहे म्हणत खातेदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि दत्तात्रय गोविंद महाजन खटल्यात १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. भूमिहीनांना जमीन मिळवून द्यायची तर हे करणे भाग होते, हे मान्य. पण लबाडी रोखण्यासाठी केलेली व्याख्या मदत वाटण्यासाठी वापरली, तर तिचा मूळ हेतूच उरत नाही. जमीन काढून घेताना कुटुंब आवळणे समजू शकते. आधार देतानाही तेच आवळलेले कुटुंब पुढे करणे हा अन्याय आहे, आणि पुढे नेमके तेच घडले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नवी घरे तीन आकारांची होती: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४०० आणि त्यावरच्याला ७५० चौरस फूट. एवढ्या प्रचंड पुनर्वसनात हाताशी कसला तरी निकष हवा होता, आणि सातबारा तयार होता. तरीही त्याचा अर्थ लक्षात घ्यायला हवा. घराचा आकार आत राहणाऱ्या माणसांवरून ठरला नाही, जमिनीवरून ठरला. ज्या भूमिहीन घरात म्हातारे आईबाप, अपंग भाऊ आणि चार लेकरे होती, त्यालाही २५० चौरस फूटच मिळाले. पीएम किसान योजनेत हीच चौकट कायम आहे. तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले, आणि वर्षाचे ६००० रुपये खातेदार कुटुंबाला. अंत्योदय रेशनकार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, मग घरात दोन माणसे असोत की नऊ. प्राधान्य गटात मात्र माणशी ५ किलोचा हिशेब आहे.

प्राप्तिकराचा इतिहास इथे उपयोगी पडतो, कारण त्या कायद्याने हा प्रश्न निदान सोडवायचा प्रयत्न केला. १९५५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांसाठी करमुक्त उत्पन्न २००० रुपये आणि अविवाहितांसाठी १००० रुपये केले. पुढे काही वर्षे मुलांच्या संख्येनुसारही थोडी सूट मिळत असे. ती व्यवस्था टिकली नाही. पण अपंग आश्रितासाठी दिलेल्या वजावटीत एक फार समंजस कसोटी राहिली. पती-पत्नी, मुले, आईवडील, भाऊ-बहिणी यांपैकी जो पूर्णतः किंवा मुख्यतः करदात्यावर अवलंबून आहे तो आश्रित, त्याचे वय कितीही असो. करदाता हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर त्याचा कोणताही सदस्य. म्हणजे विधवा भावजयीलाही तिथे जागा आहे. कायद्याला अवलंबन मोजता येते, त्यासाठी वयाची आणि सातबाऱ्याची गरज नाही, याचा हा पुरावा आहे. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अवलंबन सिद्ध कसे करायचे, खोटी नावे घुसतील त्याचे काय, हा दुसरा आक्षेप. त्याचेही उत्तर आपल्याच कायद्यांत आहे. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने कुटुंब सांगताना रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे नाते धरले आणि पुढे एकत्र राहून एकत्र जेवणारे किंवा एकाच रेशनकार्डावरचे, अशी अट घातली. जनगणनाही एका स्वयंपाकावर जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब मानते. चूल एक आहे की वेगळी, हे गावात लपत नाही. ग्रामसभेत नावे वाचली तर खोटे नाव टिकणे अवघड. उलट, सातबाऱ्यावर विसंबलेली व्यवस्था लबाडीमुक्त होती असे म्हणायला सिलिंगचा इतिहास मुळीच साथ देत नाही. आणि कळंब, भूम, वाशी भागातून दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचे काय? तिथे मुकादम नवरा-बायकोचा एक कोयता धरून उचल देतो. त्या उचलीवर मागे गावात राहिलेले आजी-आजोबा आणि लेकरेही जगतात, पण कोयत्याच्या हिशेबात ती नसतात. बाजार त्यांना मोजणार नाही. म्हणून सरकारने मोजले पाहिजे.

जमीन काढून घेताना किंवा कर लावताना कुटुंब आवळून धरावे, त्याला कारण आहे. धान्य, घर, पेन्शन, नुकसानभरपाई देताना मात्र एक चूल आणि मुख्यतः अवलंबन, एवढ्या दोनच कसोट्या लावाव्यात. त्यात अठरा पूर्ण झालेली मुलगी, परित्यक्ता बहीण, विधवा भावजय आणि अपंग भाऊ नावानिशी नोंदले जावेत. यासाठी नवे शास्त्र शोधायचे नाही. १९५४ च्या हैदराबादच्या कायद्याने खाणाऱ्या तोंडांपासून सुरुवात केली होती. तिथूनच पुढे, या वेळी एकेका माणसाचे नाव लिहून, ते काम पुरे करायचे आहे. जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी पुढच्या यादीवाचनात हा आग्रह धरावा.