मोटारीचा मुलूख

इ. स. 1695 च्या सुमारास बटाल्याच्या सुजान राय भंडारी याने ‘खुलासत-उत-तवारीख’ हे आपले फारसी इतिवृत्त सिद्ध केले, तेव्हा हिंदुस्थानातील सराफांचा एक रिवाज त्याने मोठ्या कौतुकाने नोंदवून ठेवला. वाटेत लुटारूंचे भय असले, म्हणजे व्यापारी आपला माल सराफाच्या हवाली करीत, आणि सराफ ठरलेली रक्कम घेऊन तो मुक्कामी सुखरूप पोहोचविण्याचा जिम्मा पत्करीत. ही रक्कम सर्व वाटांना सारखी असणे शक्यच नव्हते. जिथे घाट, अरण्य आणि बंडाळी, तिथे ती चढणार, आणि जिथे अंमलदाराचा वचक, तिथे उतरणार. सर जॉन माल्कम याने 1823 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक आपल्या ग्रंथात विम्याच्या दरांना आवर्जून जागा दिली, ती मला फार मार्मिक वाटते. कारण मुलखात शांतता कितपत नांदते याची साक्ष दरबारी बातमीपत्रांपेक्षा सराफाच्या दराने अधिक निर्मळपणे मिळते. सराफाला खोटी स्तुती परवडत नाही.

या जुन्या विद्येत दोन गोष्टी पारखाव्या लागत: वाट कशी आहे, आणि त्या वाटेने जाणारा कोण आहे. पुढे बैलांच्या तांड्यांची जागा मोटारीने घेतली आणि विम्याचा कारभार पेढीवरून कचेरीत गेला, तेव्हा या दोहोंपैकी पहिल्या गोष्टीची केवळ सावली उरली आणि दुसरी बहुतांशी दप्तराबाहेर राहिली.

1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. परंतु कायद्याचे ते प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले 1 जुलै 1946 रोजी, म्हणजे महायुद्ध संपल्यावर. विमा कायद्यातील 1968 च्या दुरुस्तीने दर ठरविण्याचे काम टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीकडे सोपविले गेले, 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विम्याचा सगळा व्यवसाय सरकारी झाला, आणि विमा कंपन्यांनी दरात चढाओढ करण्याचा प्रश्नच मिटला. एकच दरपत्रक, आणि तेच सर्वांना शिरोधार्य.

त्या दरपत्रकाची 1 जुलै 2002 पासून लागू झालेली आवृत्ती वाचण्यासारखी आहे. खाजगी मोटारींसाठी तिने भारताचे दोन भाग पाडले. ‘अ’ विभागात अहमदाबाद, बंगलोर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ नगरे. ‘ब’ विभागात उरलेला अवघा देश, ज्यात नागपूर, कोल्हापूर, पणजी आणि हिमालयाचे कडे एकाच पंक्तीला बसले. पाच वर्षांच्या आतील, हजार सी. सी. पर्यंतच्या मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी ‘अ’ विभागात विम्याच्या किमतीवर शेकडा 3.127 आणि ‘ब’ विभागात शेकडा 3.039 असा दर होता. लाखामागे फरक किती, तर 88 रुपये! मुंबईच्या गर्दीत मोटार हाकणे आणि सावंतवाडीच्या निवांत रस्त्यावर हाकणे, यांतील अंतर दप्तराने एवढ्या रकमेत तोलले. मोटारीचे वय आणि इंजिनाचा आकार यांचा भार त्याहून किती तरी अधिक होता.

मालमोटारींची विभागणी तर आणखी वेगळी. तेथे ‘अ’ विभागात चेन्नई, दिल्ली, कोलकाता आणि मुंबई, ‘ब’ विभागात इतर राज्यांच्या राजधान्या, आणि ‘क’ विभागात बाकी सारे. त्यामुळे खाजगी मोटारीसाठी महानगर ठरलेले पुणे ट्रकच्या बाबतीत आडगावांच्या रांगेत गेले, आणि चिमुकली पणजी राजधानीच्या मानाने त्याच्या वरच्या पायरीवर बसली. पुणेकरांनी या अपमानाची दखल घेतल्याचे ऐकिवात नाही. बहुधा ट्रकचा प्रश्न असल्यामुळे.

शिवाय विभाग ठरे तो मोटार कुठे धावते यावरून नव्हे, तर तिची नोंदणी कोणत्या कचेरीत झाली यावरून. सातारा पासिंगची, एम. एच. 11 क्रमांकाची गाडी वर्षभर पुण्याच्या रस्त्यांवर फिरली, तरी दरपत्रकाच्या दृष्टीने ती साताऱ्यातच होती. सराफाला वाट दिसत असे, कारकुनाला शिक्का दिसत होता.

आणि चालक? अठरा वर्षांचा उतावळा चिरंजीव आणि तीस वर्षे एकही ओरखडा न पाडलेला वृद्ध गृहस्थ यांना मूळ दर एकच. वर्तनाची दखल घेणारी एकच मोठी वाट होती, ती ‘नो क्लेम बोनस’ची: दाव्याविना एक वर्ष गेले की शेकडा 20 सूट, मग 25, 35, 45 आणि अखेरीस 50. ही सूट गाडीची नसून मालकाची. गाडी विकली तरी ती त्याच्याजवळ राही. मालक निवर्तला आणि गाडी पत्नीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे गेली, तर सूटही त्यांच्याकडे जाई. वडिलांच्या सावधपणाचा वारसा मुलाला मिळावा, ही कल्पना हिशेबाच्या दृष्टीने कच्ची असली तरी आपल्या कुटुंबव्यवस्थेला मात्र शोभणारी.

कॅलिफोर्नियात लोकांची तक्रार नेमकी उलट दिशेची होती. लॉस एंजेलिससारख्या नगरात राहत्या वस्तीच्या टपाल क्रमांकावरून हप्ता चढत असे, आणि स्वतः निर्दोष असलेल्या माणसास शेजाऱ्यांच्या अपघातांची किंमत मोजावी लागे. नोव्हेंबर 1988 मध्ये तेथील मतदारांनी ‘प्रपोझिशन 103’ थोड्या बहुमताने संमत करून दराचा क्रमच ठरवून दिला: आधी चालकाची सुरक्षिततेची नोंद, मग वर्षभरात तोडलेले मैल, मग गाडी चालविण्याच्या अनुभवाची वर्षे, बाकीची कारणे त्यानंतर. आपल्याकडे असा प्रश्न मतपेटीपर्यंत गेला नाही, कारण दर इतके सरसकट होते की अन्याय झालाच तर तो सर्वांवर वाटून जाई, आणि वाटलेला अन्याय सहसा टोचत नाही.

1 जानेवारी 2007 पासून मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, आणि जुलै 2022 मध्ये विमा नियामकाने गाडी किती चालते व कशी चालविली जाते, यांवर हप्ता ठरविणारी जोड संरक्षणे देण्यास कंपन्यांना मुभा दिली. त्रयस्थाचा सक्तीचा विमा मात्र अद्याप सरकारी दरानेच घ्यावा लागतो. 1 जून 2022 च्या दरांप्रमाणे हजार सी. सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीस 2,094 रुपये, मग ती दादरची असो वा गडचिरोलीची, आणि चाक कोणाच्याही हाती असो.